तुमचा खाडा कोण मांडतं?

नमस्कार. डॉक्टरला व्याख्यानाला बोलावलं की मधुमेह नाहीतर गुडघेदुखी असा विषय आपोआप ठरतो. यंदा मी आयोजकांकडे वेगळा विषय मागून घेतला. माझ्या दवाखान्याबाहेर एक लाकडी बाकडं आहे, चार माणसं बसतील एवढं. त्या बाकड्याबद्दल मला बोलायचंय. पेशंटविषयी सांगताना कुणाची ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

डोंबिवलीत दवाखाना काढून मला पंचवीस वर्षं झाली. एक आजोबा दर मंगळवारी रक्तदाब तपासायला यायचे. महिन्यातून एकदा तपासला असता तरी चाललं असतं. पण ते यायचे, नंबर लावायचे, दीड-दोन तास बाहेर बसायचे आणि आत आले की पाच मिनिटांत निघायचे. करोनानंतर मी मोबाइलवरून वेळ देण्याची पद्धत सुरू केली. ठरल्या वेळेला या, लगेच आत. गर्दी संपली, लोक खूश झाले, मलाही समाधान वाटलं. आजोबा दोनदा तसे वेळ घेऊन आले आणि मग यायचे बंदच झाले. चार महिन्यांनी रस्त्यात भेटले, अंग उतरलेलं. गोळ्या चालू आहेत ना, असं विचारलं तर म्हणाले, "गोळ्या घेतो हो. पण तुमच्याकडे आता बाहेर बसायला मिळत नाही."

त्या दोन तासांना मी त्यांचा खोळंबा समजत होते. त्यांच्या सबंध आठवड्यात माणसांमध्ये जाणारे तेवढेच दोन तास होते, आणि ते मी काढून घेतले होते. ते वाक्य ऐकून मी दवाखान्यात परत आले, ती आधी बाहेरच्या रिकाम्या बाकड्यावर जाऊन बसले.

एकटेपणा ही मनाची हळवी तक्रार आहे, तिचा शरीराशी काय संबंध, असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. २०१० साली १४८ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यात तीन लाखांहून अधिक माणसं होती. ज्यांची माणसांशी नाती घट्ट, त्यांची त्या अभ्यासांच्या काळात जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त निघाली. जागतिक आरोग्य संघटनेचा ३० जून २०२५ चा अहवाल सांगतो की जगात दर सहा माणसांमागे एक एकाकी आहे, आणि या एकाकीपणाशी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू निगडित आहेत. हे श्रीमंत देशांचं दुखणं असेल, असं कुणी मनात म्हणत असेल तर त्याच अहवालातला पुढचा आकडा ऐका. श्रीमंत देशांत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास आहे आणि गरीब देशांत २४. आणि म्हाताऱ्यांइतकीच, किंबहुना जास्त, यात तरुण मुलं आहेत.

माझ्याकडे एक सव्वीस वर्षांची मुलगी डोकेदुखीसाठी आली होती. घरी बसून काम, भाड्याची खोली, जेवणाचा डबा दाराशी येतो. तपासण्यांत काही निघालं नाही. बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, सोमवारी मीटिंगमध्ये बोलायला गेले तर आवाजच फुटेना. मग लक्षात आलं, शुक्रवारपासून मी तोंडाने एक शब्द बोलले नव्हते." फोनवर तिचे चारशे-पाचशे लोक आहेत. त्यातल्या एकालाही ते तीन दिवस कळले नाहीत.

आपल्या भाषेत यासाठी शब्द नेमके आहेत. एकटा, एकाकी, एकलकोंडा, एकांत. एकांत माणूस हौसेने घेतो. एकटं राहणारी कितीतरी माणसं आनंदात असतात, आणि भरल्या घरातली सून एकाकी असू शकते. म्हणून 'तुमच्या घरात किती माणसं' हा प्रश्न मी आता विचारत नाही. मी विचारते, तुमचा खाडा कोण मांडतं?

हा शब्द मला माझ्या आजीने दिला. आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीतले. १९२०च्या दशकात सरकारने बांधलेल्या त्या चाळी. मधोमध लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास सगळ्या मजल्याला मिळून. त्या खोलीत आजी खानावळ चालवायची. गिरणीत लागलेली, बायकामुलं गावी ठेवून आलेली अकरा माणसं तिच्याकडे जेवायला. ही माणसं गावकीच्या गाळ्यात, म्हणजे एका गावच्यांनी मिळून घेतलेल्या खोलीत राहायची. पहिल्या पाळीचा कामावर गेला की तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच जागी आडवा व्हायचा. आजीला लिहिता यायचं नाही. जो जेवायला आला नाही त्याच्या नावाची रेघ ती चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने ओढायची. महिनाअखेरीला खाड्याचे पैसे वजा करायचे, म्हणून.

हिशेबाची रेघ होती ती. पण दुसरी रेघ पडली की आजी वडिलांना सांगायची, "अरे, तो कालपासून आला नाही, जरा बघून ये." एकदा असाच एकजण गाळ्यात तापाने फणफणलेला सापडला, आणि वडील त्याला खांद्यावर घालून केईएमला घेऊन गेले. आजीचं त्या माणसावर फार प्रेम होतं असंही नाही, त्याच्या उधारीवरून ती त्याला रोज बोलायची. पण त्याच्या नसण्याची नोंद करणारी एक भिंत या शहरात होती. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते बँकेचं कर्ज मिळावं, सावकाराच्या तावडीतून सुटावं म्हणून. मला मात्र या खानावळी म्हणजे मुंबईची न नोंदलेली आरोग्यसेवाही वाटते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले आणि पुढे गिरण्या गेल्या. पगार गेले, हे सगळे सांगतात. त्या भिंतीही गेल्या, हे फारसं कुणी सांगत नाही.

आता चाळीचे गोडवे गाऊन मी थांबले तर माझ्या आईशी बेइमानी होईल. आईला चाळीचा राग होता. पहाटे उठून संडासाची रांग, बाळंतपणात आडोसा नाही, नवरा-बायकोचं भांडण वीस घरांना ऐकू जाणार. कोण कुठल्या जातीचं, कुणाच्या घरचं पाणी चालतं, हेही खाड्याइतकंच काटेकोर मांडलं जायचं. चाळीतल्या एका विधवेला रात्री दार लावून घेतलं तरी सकाळी त्याचा जाब द्यावा लागे. स्वतःच्या दाराला आतून कडी ही आईच्या लेखी स्वातंत्र्याची व्याख्या होती. आज तिथे १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचं घर मिळतंय, आणि ते मिळायलाच हवं. मला परत जायचं नाहीये. कडी आतून लावता येणाऱ्या घरातल्या माणसाचा खाडा बाहेर कोण मांडणार, एवढंच मला शोधायचंय.

लोकलमध्ये बायकांनी हे आपसूक शोधलं होतं. इथे बसलेल्या कित्येकजणींना माहीत आहे. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, चौथ्या सीटवर कुणी कधी टेकायचं तेही ठरलेलं. त्याच डब्यात हळदीकुंकू, डोहाळजेवण, दसऱ्याला झेंडूचं तोरण. ठाकुर्लीला जी चढायची ती दोन दिवस चढली नाही की तिसऱ्या दिवशी फोन जाणारच. माझी एक पेशंट बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झाली आणि महिनाभरात तिची झोप उडाली. ऑफिसची आठवण तिला येत नव्हती. तिची गाडी सुटली होती.

१९९५च्या जुलैमध्ये शिकागो शहरात उष्णतेची भयंकर लाट आली. काही दिवसांत ७३९ माणसं जास्तीची दगावली. पुष्कळशी म्हातारी, एकटी, बंद घरात. एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या, नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे राहणारे वृद्ध. पण एका वस्तीत लाखामागे ४० मृत्यू आणि दुसरीत ४. दुसऱ्या वस्तीत रस्ते जागे होते. दुकानं, खाऊचे ठेले, चालणारी माणसं. म्हाताऱ्याला बाहेर पडायला काहीतरी निमित्त होतं, आणि बाहेर पडला की चार जण त्याला बघत होते. पहिल्या वस्तीत कारखाने बंद, दुकानं बंद, प्लॉट ओसाड. तिथे दार लावून बसणं हेच शहाणपण ठरत होतं. आपण नवी संकुलं बांधताना तळमजल्यावरची दुकानं काढतो आणि फाटकावर चौकी बसवतो, तेव्हा मला हे ४० आणि ४ आठवतात.

आणि आता बाकड्याकडे येते. झिंबाब्वेमध्ये हरारे शहरात डिक्सन चिबांडा नावाचे मनोविकारतज्ज्ञ आहेत. त्यांच्या एका तरुण पेशंटने आत्महत्या केली. रुग्णालयात यायला बसभाड्याचे पैसे तिच्याकडे नव्हते. २००६ मध्ये त्यांना मबारे या वस्तीत काम सुरू करायचं होतं. डॉक्टर नाहीत, जागा नाही. होत्या चौदा आज्या, आरोग्य केंद्राच्या स्वयंसेविका, आणि बाहेर झाडाखालची मोकळी जागा. तिथे बाकं ठेवली. आधी नावात 'मानसिक आरोग्य' होतं, तर कुणी बसायलाच येईना. आज्यांनीच नाव बदलायला लावलं आणि ते मैत्रीचं बाकडं झालं. नैराश्य हा शब्दही त्या वापरत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत शब्द आहे 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडची बाई नाही का म्हणत, 'डोक्यात सारखं चालू असतं हो'? २०१६ मध्ये ५७३ पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत सहा महिन्यांनीही नैराश्याची लक्षणं होती. आज्यांशी बाकड्यावर बोललेल्यांत ती १४ टक्क्यांवर आली होती. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटली ती पुढची. बाकड्यावरचं बोलणं झालं की तिथे आलेल्या पेशंट बायका एका गटात जातात आणि हाताने पिशव्या विणत बसतात. बोलण्याला काम जोडलेलं आहे.

हे मला आधी कळलं नव्हतं. मी दर बुधवारी चार ते सहा दवाखाना बंद ठेवून 'या, गप्पा मारू' असा कागद लावला. तीन बुधवार कुणी आलं नाही. गप्पांना या म्हटलं की, आपण एकाकी आहोत असं कबूल करून जिना चढल्यासारखं वाटतं. मग नोव्हेंबर आला. पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, आणि कित्येकांना ते जमत नाही. मी बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना फोन केला. त्यांनीही बायको गेल्यापासून घराबाहेर पडणं सोडलं होतं. त्यांना म्हटलं, "काका, मला मदत हवी आहे, एवढे दाखले करून द्याल का?" ते आले. त्यांच्याभोवती बारा जण आले. चष्मा काढा, मान सरळ ठेवा, पापणी मिटा. माणसाने जिवंत असल्याचं वर्षातून एकदा सरकारला सांगायचं, त्यासाठी जमलेली ती माणसं डिसेंबरातही येत राहिली.

आता एकजण औषधांच्या चिठ्ठ्या मोठ्या अक्षरात लिहून देतो, शिंपीकाम करणारे एक काका बटणं लावून देतात, ती डोकेदुखीवाली मुलगी मोबाइल शिकवते. बँकेतल्या काकांनी एक वही घातली आहे. तिच्यात आलेल्यांची नावं नसतात, न आलेल्यांची असतात.

मागच्या महिन्यात त्या वहीत सुरुवातीच्या त्याच आजोबांचं नाव लागलं. फोन उचलत नव्हते. शिंपीकाका आणि ती मुलगी त्यांच्या घरी गेले, बेल वाजवली, दार ठोठावलं, शेजाऱ्यांना उठवलं. आजोबा बाथरूममध्ये घसरून पडले होते, शुद्धीवर होते, पण उठता येत नव्हतं. कुलूपवाल्याला आणून दार उघडेपर्यंत पाऊण तास गेला. खुब्याचं हाड शाबूत होतं. तीन आठवड्यांनी ते काठी टेकत बुधवारी आले, बाकड्यावर बसले, आणि घराची दुसरी किल्ली खिशातून काढून शिंपीकाकांच्या हातात दिली.