धुराडं झाडायचं ते मृगाआधी

नमस्कार मंडळी.

जुलै महिन्यात महाबळेश्वरच्या एखाद्या जुन्या बंगल्याचं कुलूप काढून आत पाऊल टाका. बुरशीचा, ओल्या पडद्यांचा, फुगलेल्या लाकडाचा वास येतोच. पण त्याच्या खाली आणखी एक वास असतो. पेटत्या चुलीवर पाणी ओतल्यावर येतो तसला, आंबूस, घशाला लागणारा. मालक म्हणतात, पावसाळ्यात असं व्हायचंच. तर तसं काही नाही. तो वास दिवाणखान्यातल्या फायरप्लेसमधून येतो, आणि मे महिन्यात धुराडं कुणी झाडलेलं नसतं म्हणून येतो.

चिमणी म्हटलं की आता लोकांना गॅसच्या वरची, बटणावर चालणारी चिमणी आठवते, आणि माझ्या वयाच्या माणसांना रॉकेलची. म्हणून मी आपला धुराडं म्हणतो. माझे वडील अशाच एका बंगल्यावर राखणदार होते. मी गवंडीकाम शिकलो आणि गेली पस्तीस वर्षं जुन्या घरांच्याच डागडुजीत आहे. त्यामुळे आज जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं डोक्यावर काजळी पडून शिकलेलं आहे.

आपल्या घरांना धुराडं कधी नव्हतंच. खाली कोकणात घ्या, नाहीतर आमच्या जावळी खोऱ्यात घ्या, चुलीचा धूर माळ्यावर चढायचा आणि कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडायचा. बायकांचे डोळे चुरचुरायचे, छातीत धूर जायचा, ते वाईटच. पण वासे आणि आढं त्या धुरानं कोरडी राहायची, वाळवी-भुंगा फिरकत नसे. गॅस आला, चूल विझली, आणि पाच-सात पावसाळ्यांत वाशांमधून भुसा गळायला लागला, हे अनेक घरांत पाहिलंय. असो. सांगायचं एवढंच की धुराडं झाडायची विद्या आपल्याकडे आजोबांकडून आलेली नाही.

ती आली साहेबाबरोबर. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1829 च्या सुमाराला साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही डोंगरावरची जागा घेतली, आणि माल्कम पेठ वसली. मग जांभ्या दगडाचे बंगले उठले, त्यांत फायरप्लेस आल्या, आणि फायरप्लेसबरोबर त्यांचं वेळापत्रकही आलं. विलायतेत थंडीच्या तोंडावर धुराडं झाडतात, मग शेकोटी पेटवतात. तिथं ते बरोबर आहे. आपल्याकडेही मालक लोक अजून तेच करतात, दिवाळीच्या आधी मला फोन येतो, "आबा, सीझन आला, धुराडं साफ करून द्या."

पण आपल्याकडे शेवटची शेकोटी फेब्रुवारीत विझते आणि पुढची पेटते नोव्हेंबरात. मधे चार महिने पाऊस. तोही साधा नाही, साडेपाच-सहा हजार मिलिमीटर, आणि पाऊस नसेल तेव्हा घरात शिरणारं धुकं. म्हणजे हिवाळाभर साठलेली काजळी आपण या ओलीच्या ताब्यात देऊन टाकतो. कोरडी काजळी भिंतीचं काही बिघडवत नाही, नुसती चिकटून बसते. ती ओली झाली की तिच्यातून आम्ल सुटतं, आणि चुन्याचं आणि आम्लाचं वैर आहे. आतला चुन्याचा गिलावा भुसभुशीत होतो, दरजा, म्हणजे दगडांमधले चुन्यानं भरलेले सांधे, रिकाम्या होतात, आणि तो काळा अर्क दगडातून झिरपत दिवाणखान्याच्या भिंतीवर येतो. चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. तुमच्या घरी फायरप्लेसच्या वर असा डाग असेल आणि दर वर्षी रंग मारूनही तो परत येत असेल, तर रंगाऱ्याला दोष देऊ नका. रंग बदलून तो जाणार नाही. तेवढा गिलावा खरवडून काढायचा, भिंत पुरती वाळू द्यायची, आणि चुन्याचा नवा गिलावा करायचा. तोही आतली काजळी आणि वरची गळती बंद झाल्यावरच.

म्हणून माझं म्हणणं, मुख्य सफाई एप्रिल-मेमध्ये करा. मृग 7 जूनच्या आसपास लागतो, त्याच्या निदान पंधरा दिवस आधी, म्हणजे काही दुरुस्ती निघाली तर ती वाळायला ऊन मिळेल.

ते काम कसं होतं ते सांगतो. दोन माणसं लागतात, एक वर, एक खाली. खालच्यानं फायरप्लेसच्या तोंडाला ओलं पोतं लावायचं आणि कडा चिखलानं लिंपायच्या. हा चिखल लोक टाळतात आणि मग सोफ्यावरची काजळी आठवडाभर पुसत बसतात. वरचा माणूस पूर्वी दोरीला दगड बांधायचा, दगडाच्या वर काथ्याचा गोळा, आणि तो गोळा वर-खाली करायचा. आता लवचिक दांड्यांचे, नायलॉनच्या केसांचे कुंचे मिळतात, ते चांगले. तारेचा कुंचा मात्र जुन्या धुराड्यात घालू नका, चुन्याचा गिलावा ओरबाडून निघतो. आधी भुरूभुरू काजळी पडते, मैद्यासारखी बारीक. मग पापुद्रे पडतात. पापुद्र्यांनंतर खडबडीत दगडाचा आवाज यायला लागला की समजायचं, झालं. पण कुंचा गुळगुळीत काचेवरून फिरल्यासारखा सरकत असेल तर थांबा. आत धुराचं डांबर, म्हणजे घट्ट चिकट थर, बसलंय. ते खरवडून निघत नाही आणि हातोडीनं फोडायला जाल तर दगडही निघेल. तिथं जाणकार माणूसच बोलवावा, आणि तोवर विस्तव करू नये.

तोंडाला मास्क, डोळ्यांना गॉगल, अंगभर कपडे. काजळीला हलक्यात घेऊ नका. लंडनच्या पर्सिव्हल पॉट नावाच्या शल्यविशारदानं 1775 मध्येच दाखवलं होतं की धुराडी झाडणाऱ्या पोरांना होणारा कर्करोग काजळीमुळे होतो. नऊ इंची धुराड्यांत लहान मुलांना चढवायचे तिकडे. जॉर्ज ब्रूस्टर नावाचा एक पोरगा केंब्रिजजवळ असाच अडकून गेला, तेव्हा कुठे 1875 च्या कायद्यानं ती पद्धत खरोखर बंद झाली. शंभर वर्षं लागली.

आता वरची बाजू. माणूस छपरावर चढलाच आहे तर तीन गोष्टी बघून घ्या. धुराडं कौलांतून जिथं बाहेर पडतं तो सांधा पहिला. निम्मी गळती तिथली असते. बरेच गवंडी तिथं सिमेंटचा वाटा, म्हणजे सांध्यावर तिरका लेप, मारून मोकळे होतात. छपराचं लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, धुराडं मात्र जागचं हलत नाही. मग वाटा तडकणारच. जस्ती पत्रा वाकवून, वरची कड दगडाच्या दरजेत खोचून, खालची कौलांवर आणायची, ही खरी रीत. दुसरं, दरजेत पिंपळाचं किंवा उंबराचं रोप आलंय का. ते बोटभर असतानाच मुळासकट काढा, मुळं आत शिरली की उपटताना दगडच हलतो. आणि तिसरी टोपी.

टोपीबद्दल माझीच चूक सांगतो. धंद्यात नवा होतो. एका बंगल्याचं धुराडं वापरात नव्हतं आणि गळत होतं. मी वरून सिमेंटचा स्लॅब टाकून तोंड बंद केलं, जांभ्याच्या दरजाही सिमेंटनं पक्क्या भरल्या. मालक खूश, मी खूश. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गेलो तर दगडाला हात लावला की पदर सुटून हातात येत होते, आणि आतून पाणी ठिबकत होतं. एक थेंबही वरून आलेला नव्हता. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती मी. जांभा सच्छिद्र दगड, तो पाणी पितो आणि दरजेतल्या चुन्यावाटे सोडतो. सिमेंटनं ती वाट बुजते, मग ओल दगडाच्या तोंडातून निघते आणि तोंड घेऊनच निघते. वडील बघायला आले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अरे, नाक दाबलंस की त्याचं."

तर टोपी हवी चार पायांची, वर पत्रा, बाजू मोकळ्या. बाजूंना जाळी, बोट जाईल एवढ्या भोकांची. त्याहून बारीक जाळी डांबरानं बुजते. पावसाळ्यात प्लॅस्टिक गुंडाळायचा मोह होतो, बाकीच्या घराला आपण झड्या, म्हणजे पावसाचे आडोसे, बांधतोच, पण धुराड्याला नको. खाली झडप असेल तर तीही थोडी उघडी राहू द्या. वापरात नसलेल्या धुराड्यालाही हेच लागू.

लाकडाचं थोडक्यात. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. जाळायला ते वीस टक्क्यांच्या खाली लागतं. ओलं लाकूड नुसतं धुमसतं, थंड धूर धुराड्यात चिकटतो आणि त्याचंच डांबर होतं. आणि मागच्या वर्षीचं वाळलेलं लाकूडही चार महिन्यांच्या धुक्यात पुन्हा ओल धरतं, हे लोक विसरतात. ऑक्टोबरचं ऊन त्याला द्या. दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघा, वाळलेलं ठणकन वाजतं, ओलं थप्प करतं.

डांबरानं पेट घेतला तर धुराड्यातून आगगाडी गेल्यासारखा आवाज येतो. आत हजार अंशांच्या वर उष्णता जाते. पाणी ओतू नका, तापलेला दगड फुटतो आणि वाफ अंगावर येते. झडप बंद, खिडक्या-दारं बंद, सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 ला फोन करा. आणखी एक. कपडे वाळवायला किंवा ऊब म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं, झोप येतेय असं वाटतं, आणि माणूस उठतच नाही.

मेमध्ये झाडून घेतलंत तर ऑक्टोबरात काम उरतं अर्ध्या तासाचं. पाखरांनी घरटं केलंय का, टोपी वाऱ्यानं कलली का, एवढंच. फायरप्लेसच्या तोंडाशी उदबत्ती धरा, धूर वर ओढला गेला पाहिजे, खोलीत परतला तर वाट अडलीय. मग राखेच्या जागी एक आरसा ठेवा आणि त्यात वाकून बघा. धुराडं वळणाचं असेल तर मोबाइलचा कॅमेरा काठीला बांधून वर सरकवावा लागेल. सरळ असेल तर आरशात वहीच्या पानाएवढं आभाळ दिसतं. तेवढं पुरतं. मग काडी ओढायला हरकत नाही.

नमस्कार.