करुणेची पूर्वतयारी

श्रोतेहो, नमस्कार.

काही वर्षांपूर्वी एका पूरग्रस्त छावणीत मी ब्लँकेट वाटपाच्या टेबलामागे बसले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. समोर लांबलचक रांग, हातात यादी, शेजारी अंगठ्यासाठी शाईचे पॅड, आणि ट्रकचा चालक मागून ‘गाडी लवकर रिकामी करा’ म्हणून ओरडत होता. रांगेतून एक आजी पुढे आल्या. त्यांच्याकडे टोकन नव्हते. टोकन कुठे मिळते हे त्यांनी विचारले, मी सांगितले. त्यांना नीट ऐकू आले नसावे, म्हणून त्यांनी पुन्हा विचारले. तिसऱ्या खेपेला मी यादीवरची मान वर न करता, साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आजी, बाजूला व्हा बघू, कामाचा खोळंबा होतोय.” त्या बाजूला झाल्या. त्याच दिवशी पहाटे छावणीमागच्या मोकळ्या जागेत मी बारा सूर्यनमस्कार घातले होते, दहा मिनिटे अनुलोम-विलोम केले होते, आणि इतक्या धावपळीतही आपला नेम चुकला नाही म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली होती.

पहाटेची ती चटई आणि अकरा वाजताचे ते टेबल यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, याविषयी आज मला आपल्याशी बोलायचे आहे.

मी मुळात दुष्ट आहे असे मला त्या दिवशी वाटले नाही आणि आजही वाटत नाही. मला घाई होती, एवढेच. पण घाई ही किरकोळ सबब नव्हे. १९७३ साली अमेरिकेतल्या जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले. त्यांतल्या काहींच्या भाषणाचा विषय होता बायबलमधली दयाळू शोमरोन्याची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याची गोष्ट. मधल्या वाटेवर एक माणूस दाराशी कोसळून खोकत, कण्हत बसलेला होता. तो प्रयोगाचाच भाग होता, हे अर्थात विद्यार्थ्यांना माहीत नव्हते. ज्यांना सवड होती त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले. ‘तुम्हाला उशीर झाला आहे’ असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी अवघे १० टक्के थांबले. भाषणाचा विषय कोणता होता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परोपकारावरचे भाषण मनाशी घोळवत माणूस परोपकाराच्या संधीला वळसा घालून पुढे जाऊ शकतो, हे वाचले तेव्हा मला ते टेबल आठवले.

आता योगाकडे वळू. पतंजलींच्या योगसूत्रांत १९५ सूत्रे आहेत, काही पाठांनुसार १९६. त्यांपैकी आसनाला वाहिलेली सूत्रे फक्त तीन. आठ अंगांमध्ये आसनाच्या आधी यम आणि नियम येतात, आणि यमांत सर्वांत आधी अहिंसा येते. जात, देश, काळ किंवा प्रसंग यांची सवलत न घेता पाळली तरच ती महाव्रत ठरते, असेही तिथे म्हटले आहे; ‘आज ट्रक थांबला आहे’ ही सवलतसुद्धा त्यात बसत नाही. आणि पहिल्या पादातल्या, म्हणजे प्रकरणातल्या, तेहतिसाव्या सूत्रात तर सगळा व्यवहारच मांडला आहे: सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता, म्हणजे आनंद, आणि अपुण्याविषयी उपेक्षा, या भावना जोपासल्याने चित्त प्रसन्न होते. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी मन शांत होईल आणि मग आपोआप करुणा उपजेल, असे आपण धरून चालतो आणि त्या शांततेची वाट पाहत राहतो. सूत्र मात्र नेमके उलट सांगते. करुणेचा सराव हेच तिथे मन निवळण्याचे साधन आहे.

यातला ‘उपेक्षा’ हा शब्द मराठी कानाला खटकतो. आपल्याकडे उपेक्षा म्हणजे हेळसांड, दुर्लक्ष. मूळ धातू मात्र ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणे. सूत्रातली उपेक्षा ही पाठ फिरवणे नव्हे. नजर न हटवता, पण वैर मनात न साठवता राहणे आहे. छावणीत एखादा माणूस खोट्या नावाने दुसरे ब्लँकेट उचलतो. यादी दुरुस्त करावी, पुढच्या वेळी ओळख पडताळावी, हे कर्तव्यच आहे. पण ‘ही माणसे अशीच’ असे एकदा मनात बसले की त्या एका ब्लँकेटचा राग रांगेतल्या पुढच्या पन्नास जणांवर निघतो. उपेक्षेचा उपयोग असतो तो इथे.

याच चार भावनांना बौद्ध परंपरेत ब्रह्मविहार म्हणतात. पाचव्या शतकात श्रीलंकेत राहून ‘विसुद्धिमग्ग’ लिहिणाऱ्या बुद्धघोषांनी त्यांविषयी एक फार मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. प्रत्येक भावनेला एक दूरचा शत्रू असतो आणि एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रौर्य. तो ओळखायला सोपा. जवळचा शत्रू मात्र शोक. तो करुणेसारखाच दिसतो, तिच्याच आवाजात बोलतो आणि तिचीच जागा बळकावतो. उपेक्षेचा जवळचा शत्रू म्हणजे अजाण बेफिकिरी. सेवाकार्यात काही काळ घालवलेल्या कुणालाही हे दोन्ही शत्रू ओळखीचे वाटतील. नवा स्वयंसेवक पहिल्या आठवड्यात प्रत्येकाबरोबर रडतो, रात्री झोपत नाही, जेवण टाळतो. आणि दोन-तीन महिन्यांत तोच ‘आता काही वाटत नाही’ म्हणू लागतो. पहिल्या अवस्थेला आपण संवेदनशीलता म्हणतो आणि दुसरीला अनुभव. माझ्या मते दोन्ही नावे चुकीची आहेत.

अलीकडे प्रयोगशाळेतूनही याला दुजोरा मिळाला आहे. जर्मनीतल्या लायप्झिग येथील माक्स प्लांक संस्थेशी संबंधित टानिया सिंगर, ओल्गा क्लिमेत्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना आधी केवळ सहवेदनेचे, म्हणजे दुसऱ्याचे दुःख स्वतःत उतरवून घेण्याचे प्रशिक्षण दिले आणि त्यांना पीडित माणसांची चित्रफीत दाखवली. त्यांची व्यथा वाढली. नंतर त्याच लोकांना करुणेचे प्रशिक्षण दिले, म्हणजे समोरच्याचे भले व्हावे ही भावना पद्धतशीर जोपासायला शिकवले. तेव्हा ती व्यथा ओसरली, मनात ऊब आणि आपुलकी वाढली, आणि मेंदूतली सक्रिय केंद्रेही वेगळी दिसली. माणसाला थकवते ती करुणा नसून तिच्या शेजारी राहणारी व्यथा असते, असे या अभ्यासकांचे म्हणणे आहे. मराठीत यासाठी शब्दांची श्रीमंती आहे. कीव उंचावरून खाली पाहते, दया हात पुढे करते, कळवळा आत पिळवटतो. करुणेला यापेक्षा काही अधिक लागते. तिला समोर टिकून राहावे लागते, आणि टिकून राहायला शरीर लागते.

‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे आसन स्थिर आणि सुखकर असावे, हे पतंजलींचे सूत्र मला म्हणूनच चटईपेक्षा रुग्णाच्या खाटेजवळच्या स्टुलावर जास्त कळले. वेदनेने कण्हणाऱ्या माणसाजवळ बसले की आपले खांदे आपोआप वर चढतात, जबडा आवळला जातो, श्वास छातीतच अडतो, आणि पाय दाराकडे वळतात. शरीर तिथून निघायला बघत असते. त्या वेळी तळपाय जमिनीवर पूर्ण टेकवणे, खांदे सोडणे आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ देणे, एवढे जरी जमले तरी पुष्कळ. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, त्यामुळे लांब उच्छ्वास हा कुणाच्याही लक्षात न येता करता येण्यासारखा उपाय आहे. इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांच्या गटाने २००१ साली दाखवून दिले की लॅटिन जपमाळ म्हटली काय किंवा योगमंत्र म्हटला काय, श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर येते आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली प्रतिसाद देते. माझा स्वतःचा नेम याहून साधा आहे: फोन उचलण्याआधी, दार उघडण्याआधी, ‘पुढचे’ असे म्हणण्याआधी एक पूर्ण उच्छ्वास. घरातली वयस्क व्यक्ती तोच प्रश्न चौथ्यांदा विचारते तेव्हाही हाच. दहापैकी चार वेळा तो मला आठवतो. पूर्वी एकदाही आठवत नसे.

मात्र हे सगळे आपल्यासाठी आहे, हे विसरता कामा नये. ज्याचे घर वाहून गेले त्याला ‘दीर्घ श्वास घ्या’ असे सांगणे हा आगाऊपणा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी मार्गदर्शिका काढली तिचे सार तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. आधी पाणी, निवारा, हरवलेल्या माणसाची खबर. बोलायची इच्छा असेल तर ऐकणे, नसेल तर खोदून न विचारणे. पुढे महिन्यांनी कुणाला योग शिकावासा वाटला तरी डोळे मिटण्याची सक्ती नको आणि न विचारता अंगाला हात लावणे नको, कारण धास्तावलेल्या शरीराला या दोन्ही गोष्टी धोक्याच्या वाटू शकतात.

करुणेची पूर्वतयारी हा शब्दप्रयोग कुणाला कोरडा वाटेल, पण आधुनिक मदतकार्याचा पायाच त्यावर उभा आहे. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. व्यवसायाच्या कामासाठी तिकडे निघालेले आँरी द्यूनाँ हे स्विस गृहस्थ संध्याकाळी जवळच्या कास्तिग्लिओने गावात पोचले, तेव्हा तिथली चर्चेस जखमींनी भरून गेली होती. गावातल्या बायका कोणता सैनिक कोणत्या बाजूचा हे न पाहता पाणी पाजत होत्या, जखमा बांधत होत्या आणि म्हणत होत्या, ‘सगळे भाऊच’. त्या बायकांचा कळवळा अस्सल होता. तरीही, योग्य हात वेळेवर न मिळाल्याने कितीतरी माणसे गेली, हे द्यूनाँ यांनी पाहिले. १८६२ साली या अनुभवावर पुस्तक लिहिताना त्यांनी जी सूचना केली ती अशी: प्रशिक्षित स्वयंसेवकांची मंडळे शांततेच्या काळातच तयार ठेवावीत. त्यातून १८६३ साली रेडक्रॉसची समिती उभी राहिली आणि १८६४ साली पहिला जिनिव्हा करार झाला. योगसूत्रांत अभ्यासाविषयी जे म्हटले आहे, की तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने केला तरच दृढ होतो, त्याचीच ही सामुदायिक आवृत्ती म्हणता येईल.

‘योगः कर्मसु कौशलम्’, म्हणजे कर्मातले कौशल्य हाच योग, या गीतावचनाची आठवण मला स्फिअरची मानके वाचताना होते. १९९७ साली अनेक मदतसंस्थांनी मिळून सुरू केलेल्या या उपक्रमाने ठरवून दिले की छावणीत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा आणि वीस माणसांमागे एक शौचालय असावे. वरवर हे कोष्टक वाटते. पण त्याच मानकांत शौचालयाला आतून कडी हवी असेही लिहिले आहे. तीन दिवस अंधाराची वाट पाहत पाणी पिणे टाळणाऱ्या बाईला त्या कडीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता आमच्या वाटपाच्या टेबलाशी एक बदल केला आहे. उजव्या हाताला दोन खुर्च्या असतात. एकीवर एक स्वयंसेवक बसतो, त्याच्याकडे यादी नसते. दुसरी रिकामी असते. ज्यांच्याकडे टोकन नाही, ज्यांना ऐकू कमी येते, ज्यांना नक्की काय हवे ते सांगता येत नाही, त्यांना आम्ही म्हणतो, “बसा, आजी. सावकाश सांगा.” या खुर्चीवरचा स्वयंसेवक दर दोन तासांनी बदलतो, तोही थकायच्या आत.