हे पहिले असे नव्हते जी

(नागपुरात पूरमदत स्वयंसेवकांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

पुनर्वसन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घरं येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, आणि पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्यालाही पुनर्वसन म्हणतात, आणि डोक्याला मार लागलेल्या माणसाला पुन्हा उभं करायला आम्ही, उपचार करणारे, जे करतो त्यालाही. ही दोन कामं वेगळी आहेत असं मी कित्येक वर्षं समजत होतो. आता तसं वाटत नाही.

मेंदूला इजा झालेल्याच्या लक्षात बऱ्याचदा नवीन काही राहत नाही, पण जुनी वाट पायांना पाठ असते. विहीर, पार, आपलं दार, एवढ्यावर त्याचा दिवस निभतो. आता त्याला एकसारख्या घरांच्या रांगेत नेऊन ठेवा, किंवा शाळेतल्या छावणीत, जिथे पन्नास माणसं, रडणारी लेकरं आणि रात्रभर दिवा. तो लघवीला उठतो आणि परत येताना चुकतो. लोक म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. अशा माणसाला छावणीत कोपऱ्यातली, भिंतीकडची जागा द्या. जागा बदलू नका. उशाशी ओळखीची वस्तू ठेवा, त्याच्या दारावर गडद रंगाचं फडकं बांधा. औषधाइतकंच हेही उपचार आहेत.

इजा किती गंभीर, हे आम्ही ग्लासगो कोमा स्केलवर मोजतो. १९७४ पासून ते वापरात आहे. डोळे, बोलणं, हालचाल पाहून ३ ते १५ गुण देतात. १३ ते १५ म्हणजे ‘सौम्य’. हा शब्द मला फार खटकतो. सौम्य ठरलेल्यांतले बरेच जण काही आठवड्यांत सावरतात, हे खरं. पण काहींची चिडचिड, विसरभोळेपणा, थोड्या कामाने येणारा थकवा महिनोन्‌महिने जात नाही. घरची बाई सांगते, “हे पहिले असे नव्हते जी.” आणि शेजारी म्हणतात, आळशी झाला, पुराचा धसका घेतला.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुम्ही पाहिली आहे. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. अंधारात, पाण्यात पाय घसरून पायरीवर डोकं आपटलं, तर माणूस उठून पुन्हा सामान उचलायला लागतो. त्याला कोणी विचारत नाही, आणि तोही सांगत नाही.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट येणं, न उतरणारी गुंगी, एका बाजूची कमजोरी, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका, मेडिकल किंवा मेयो, यांपैकी जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. गंभीर इजेतून घरी आलेल्याला आडवं ठेवून पाणी पाजू नका. नीट बसवा, लहान घोट द्या. गिळताना ठसका लागला, आवाज ओलसर झाला, तर भरवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. स्वतः हलू न शकणाऱ्याची कूस दर दोन तासांनी बदला. त्याच्याशी एका वेळी एकच गोष्ट बोला.

तुमच्या नोंदवहीत नाव, गाव, नुकसान असे रकाने आहेत. माझी विनंती आहे, आणखी दोन आखा: डोक्याला मार लागला होता का? थोडा वेळ तरी शुद्ध हरपली होती का? आणि हे फक्त त्यालाच विचारून थांबू नका, कारण त्याला ते कदाचित आठवणार नाही. शेजारी बसलेल्या त्याच्या माणसालाही विचारा.