मचाणासाठी झाड निवडताना

(दृश्य: संध्याकाळ. कोरडा पडत आलेला नाला. एका म्हाताऱ्या तळहातावर रुईचं फुटलेलं बोंड.)

मामांनी बोंडातून एक म्हातारी काढली, चिमटीत धरली आणि हलकेच सोडून दिली. पांढऱ्या रेशमी केसांचं ते बी आधी जागच्या जागी गिरकी घेतं. मग नाल्याच्या उतारानं, पूर्वेकडे, डबक्यावरून तरंगत निघतं. मामा ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहतात.

"इथं नाही जमत जी. चला, पल्याड जाऊ."

हा चंद्रपूर जिल्हा. ताडोबाच्या बफर क्षेत्रातलं जंगल. वैशाखात इथं पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेंदूची पानं तोडायचा हंगाम असतो आणि मैल-मैल चालल्यावर एखाद्याच नाल्यात पाणी सापडतं. आठवड्यावर बुद्धपौर्णिमा आली आहे. त्या रात्री या पाण्याकाठी बसायचं, येणारा प्रत्येक प्राणी वहीत टिपायचा. त्यासाठी मचाण हवं, आणि मचाणासाठी झाड हवं.

झाड मी सकाळीच हेरून ठेवलं होतं. नाल्याच्या वरच्या, पश्चिमेच्या अंगाला मोहाचा जुना वृक्ष आहे. बुंधा दोघांच्या कवेत न मावणारा. दहा-बारा फुटांवर तीन जाड फांद्या अशा फुटल्यात, जणू कुणी बसायला पाट मांडून ठेवलाय. चैत्रात नवी पालवी आलेली, त्यामुळे गर्द सावली. वरून सगळं पाणी नजरेत येतं. मला वाटलं, झालं काम.

मामांनी झाडाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आधी रुईचं बोंड शोधलं.

(दृश्य: उन्हात तापलेला दगड, त्यावरची थरथरणारी हवा.)

मचाण म्हणजे काय, तर झाडावर बांधलेली बैठक. चार बांबू, आडव्या काठ्या, दोर. एके काळी ती शिकारीसाठी होती. राजेरजवाडे, इंग्रज साहेब आणि त्यांच्यासोबतचे गावशिकारी मचाणावर रात्र-रात्र बसत. प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेटनं गढवालातल्या रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या २ मे १९२६ च्या रात्री मारला, तोही जवळच्या गुलाबराईच्या आंब्यावर बांधलेल्या मचाणावरून. तो आंबा यात्रेकरूंच्या वाटेला लागून होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सोयीचं झाड शोधून जनावराची वाट बघत बसण्याऐवजी त्यानं जनावराच्या वाटेवरचं झाड धरलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे बंदूक उतरली. मचाण मात्र राहिलं, कारण हरणाला कळू न देता हरणाच्या जवळ बसण्याची त्याहून चांगली रीत अजून कुणाला सापडलेली नाही.

आणि हरणाला कळतं ते नाकानं. त्याचे डोळे फसतील, कान एखाद वेळी दुर्लक्ष करतील, पण माणसाचा वास आला की सांबर पाण्यापर्यंत येतच नाही. आपल्याला ते दिसतही नाही. आपण रात्रभर बसतो आणि सकाळी म्हणतो, इथं काही नाही. ते येऊन, वास घेऊन, परत गेलेलं असतं.

म्हणून आधी वारा.

दिवसा जमीन तापते, हवा हलकी होऊन चढावर चढते. दिवस कलला की उलटं होतं. टेकडीवरची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखीच नाल्यानं खाली वाहायला लागते. ज्या मोहावर माझा जीव जडला होता, तो नाल्याच्या वरच्या तोंडाशी होता. संध्याकाळ झाली की तिथं बसलेल्या माणसाचा वास थेट डबक्यावर उतरणार. घाम, खोबरेल तेल, डब्यातल्या पोळीभाजीचा वास, सगळंच. मामांच्या हातून सुटलेल्या म्हातारीनं नेमकी तीच वाट धरली होती.

(दृश्य: दुसरी, तिसरी म्हातारी हवेत. कॅमेरा त्यांच्या मागे.)

इथं थोडं थांबून एक दूरची गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेत, विस्कॉन्सिनसारख्या राज्यात, नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा कायदेशीर हंगाम असतो. थँक्सगिव्हिंग या तिथल्या सणाच्या आधीच्या शनिवारपासून नऊ दिवस. तिथले लोकही झाडावर बसतात. त्यांच्या बैठकीला म्हणतात ट्री स्टँड, आणि ती दुकानात मिळते. एका प्रकाराला शिडी जोडलेलीच असते. दुसरी छोटी बैठक पट्ट्यानं खोडाला आवळायची. तिसरी दोन तुकड्यांची, तिच्यासकट माणूस सरळ खोडावर इंच-इंच सरकत वर जातो. पण वारा ओळखायला त्यांच्यातले कितीतरी जण खिशात काय ठेवतात? मिल्कवीडच्या बोंडातला कापूस. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईची चुलत बहीण. त्या लोकांनी मामांना पाहिलेलं नाही, मामांनी त्यांना नाही. दोघांच्या चिमटीत मात्र एकाच कुळातली म्हातारी आहे. हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

पल्याड जाऊ. नाल्याच्या खालच्या, आग्नेय कोपऱ्यात.

इथं ऐनाचं झाड आहे. मगरीच्या पाठीसारखी, चौकोन-चौकोन फुटलेली साल. पाण्यापासून तीसेक पावलं. मोहासारखी सावली नाही, वैशाखात ऐन जवळजवळ उघडाच असतो. पण उन्हाळ्यातला पश्चिमेचा वारा पाण्यावरून आपल्याकडे येतो आणि रात्रीची गार हवाही उतारानं आपल्याकडेच येते. शिवाय पौर्णिमेचा चंद्र वैशाखात दक्षिणेच्या बाजूनं आभाळ ओलांडतो. दक्षिणेच्या काठावर बसलं की रात्रभर चांदणं आपल्या पाठीवर आणि पाण्यावरच्या जनावराच्या अंगावर. तोंड उत्तरेला असल्यामुळे मावळतं ऊन सरळ डोळ्यांत शिरत नाही. ते तोंडावर पडलं, तर चष्म्याची काच चमकते आणि चितळांचा कळप तिथूनच वळतो.

पूर्वेच्या वाटेनं जे जनावर येईल, त्याला आपला वास लागणारच. मामांना ते माहीत आहे. वाळूतले खूर बघून त्यांनी ठरवलं की बरीचशी ये-जा टेकडीकडून, वरून होते. चारही बाजू सांभाळणारं झाड मी अजून पाहिलेलं नाही.

आता झाडाची तपासणी. ही मामांनी फार सावकाश केली. आधी मान वर करून शेंड्यापर्यंत पाहिलं, आग्या मोहोळ आहे का. ते असेल तर ते झाड त्या वर्षापुरतं विसरायचं. मग पानं एकमेकांना चिकटवून केलेली मुंगळ्यांची घरटी शोधली. मग बुंध्यावर कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठकठक केली. पोकळ बुंध्याचा आवाज वेगळा येतो, मडक्यासारखा. मला दोन्ही आवाज कळावेत म्हणून त्यांनी शेजारच्या वाळक्या झाडावरही ठकठक करून दाखवली.

साग चालत नाही, तो सरळसोट वाढतो आणि बसण्याजोगी फांदीच देत नाही. सालई मऊ लाकडाची. नाल्याकाठचं जांभूळ हिरवंगार दिसतं, मोह पाडतं, पण त्याची फांदी कडाकन मोडते. जांभळं काढताना पडलेला एक तरी पोरगा प्रत्येक गावात असतो.

(दृश्य: बांबू, दोराची वेटोळी, जमिनीवर मांडलेली शिडी.)

उंची बारा ते पंधरा फूट. त्याहून वर गेलं की सुरक्षित, असं आपल्याला वाटतं. पण बिबट्या आणि अस्वल दोघेही झाडावर चढतात, त्यांच्यासाठी पाच फूट जास्त म्हणजे काहीच नाही. उलट फार वरून प्राण्याची नुसती पाठ दिसते आणि मधल्या फांद्या आड येतात. उंचीचा खरा फायदा दोनच गोष्टींचा. आपला वास थोडा वरून निघून जातो, आणि जमिनीवरचा धोका शोधणाऱ्या हरणाच्या नजरेत आपण सहज येत नाही. अर्थात हललो, खोकलो, तर ते मान वर करतंच.

खिळा एकही ठोकायचा नाही. खिळ्यानं झाडाला जखम होते आणि त्या जागेतून कीड शिरते. सगळं दोरानं बांधायचं, काम झालं की सोडायचं. दोर आवळताना बांबू बांबूवर घासून करकरता कामा नये, म्हणून मामा मधे जुन्या गोणपाटाचा तुकडा घालतात. मग स्वतः वर बसून कूस बदलून बघतात. आवाज आला की उतरतात, गाठ सोडतात, पुन्हा बांधतात. त्या दिवशी त्यांनी एकच गाठ चार वेळा सोडली.

दोराबद्दल मला वेगळं बोलायचं आहे.

आमच्या शेतात माळा होता. ज्वारी हुरड्यात आली की काका त्यावर उभे राहून गोफण फिरवायचे, आणि रात्री रानडुकरं, रोही हाकलायला तिथंच झोपायचे. एके वर्षी घाईत माळा उभा केला, मागच्या हंगामातल्याच दोरानं. ऊन-पाऊस खाल्लेला दोर वरून धड दिसतो. पहाटे कधीतरी काका उठून बसले आणि एक बाजू सुटली. उंची फार नव्हती, आठ-नऊ फूट. कंबरेचं हाड मोडलं. ते त्यानंतर चालले, पण माळ्यावर कधी चढले नाहीत. राखणीसाठी माळ्यावर झोपणारी माणसं या राज्यात आजही गावोगाव आहेत, आणि त्यांच्यासाठी हे एवढं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दरवर्षी नवा दोर. एवढाच खर्च आहे तो.

अमेरिकेतही शिकारीतलं मोठं दुखणं झाडावरून पडण्याचंच आहे. तिथं शिकवतात की पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत अंगातला पट्टा दोराला अडकलेला हवा. चढताना दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत. हातात काही घेऊन चढायचं नाही, सामान मागाहून दोरीनं ओढून घ्यायचं, आणि बंदूक असेल तर ती रिकामी करूनच. आपल्याकडे बंदुकीच्या जागी दुर्बीण आणि पाण्याची कॅन असते. नियम तोच. रात्री डोळा लागतो, लागणारच, म्हणून कंबरेचा पट्टा खोडाला बांधलेला असायला हवा. मामा आधी हसले होते. मग त्यांनी स्वतःही बांधला.

(दृश्य: पौर्णिमा. चंद्र उगवतो. मचाणाभोवती बांबूच्या ताट्या.)

पूर्वी या एका रात्रीच्या आकड्यांवरून जंगलात किती प्राणी आहेत ते ठरवत. एकच सांबर दोन पाणवठ्यांवर जाऊन आलं, तर दोनदा मोजलं जायचं. २००६ पासून देशातली व्याघ्रगणना कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या आधारानं होते. पौर्णिमेची रात्र आता 'निसर्गानुभव' म्हणून पाळली जाते. वहीतल्या नोंदींचं वजन कमी झालं असेल, पण डोळे उघडे ठेवून रात्रभर गप्प बसण्याची सवय माणसाला लागावी, यासाठी मी प्रत्येक शाळकरी पोराला एकदा तरी इथं आणीन.

आम्ही दुपारीच वर चढलो. अंगावर मातकट कपडे, दोन दिवस साबण नाही, तेल नाही. निळा आणि पांढरा रंग टाळला, कारण हरणाच्या डोळ्याला लाल-नारिंगी फारसा वेगळा दिसत नाही, निळा मात्र ठळक दिसतो.

दिवस मावळायच्या आत चितळं येऊन गेली. अकरा. मग मोर. मग बराच वेळ फक्त रातवा पक्ष्याचा ठकठक आवाज. एकच्या सुमारास मामांनी माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

टेकडीकडून सांबर येत होतं. चार पावलं, थांबणं. पुन्हा चार पावलं. नाक वर करून ते हवा घेत होतं आणि हवा त्याच्याकडून आमच्याकडे येत होती. ओल्या केसांचा, चिखलाचा वास मला वर, पंधरा फुटांवर आला. पाण्याच्या कडेला त्यानं पुढचा एक पाय उचलून जमिनीवर आपटला. काही हललं नाही. मग मान खाली गेली. पाणी ओढल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

चांदण्यात मी वहीत लिहिलं, 'सांबर, मादी, १'. पेन्सिलच्या खरखरीनं तिचा एक कान आमच्याकडे वळला. मी हात तसाच धरून ठेवला. कान परत फिरला. मागच्या झुडपातून एक छोटं पिल्लू बाहेर आलं आणि तिच्या पोटाला खेटून पाण्याशी उभं राहिलं.

ती दोघं निघून गेल्यावर मी १ खोडला आणि २ केला.