काचेवर उजेड कोरताना

श्रोतेहो, नमस्कार. कागदावर पेन्सिल टेकवली की काळी रेघ उमटते. काचेवर हिरकणीचं टोक ओढलं की पांढरी. गुळगुळीत काच खरखरीत झाली की तिथे उजेड विखुरतो, म्हणून तो भाग पांढरा दिसतो. मागे काळं कापड ठेवलं की न कोरलेल्या काचेतून मागचा अंधार दिसतो. तेव्हा चेहरा काढताना केस, बुबुळं, सावल्या सोडून द्यायच्या आणि कपाळावरचा, गालावरचा उजेड कोरायचा. पुन्हा सांगतो, उजेड तेवढा कोरायचा, अंधार सोडून द्यायचा.

काच कोरणारे इंग्रज कलावंत लॉरेन्स व्हिसलर यांची गोष्ट सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलताच येत नाही. इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात मॉर्टन नावाचं खेडं आहे. १९४० साली तिथल्या चर्चजवळ बॉम्ब पडला आणि रंगीत काचांच्या खिडक्या गेल्या. नव्या खिडक्यांचं काम व्हिसलर यांच्याकडे आलं. हा माणूस मूळचा कवी. त्यांनी रंग घेतलाच नाही, पारदर्शक काच घेतली आणि ती कोरली. १९५५ ते १९८४, इतकी वर्षं एकेक खिडकी बसत गेली. त्या कोरीव चित्रांच्या आरपार बाहेरची झाडं आणि आभाळ दिसतं.

तर, व्हिसलरना आणखी एक खिडकी द्यायची होती. तिच्यावर कोण? जुडास! तीस नाण्यांसाठी येशूला पकडून देणारा जुडास. गळ्यात फास आहे, हातातून नाणी गळताहेत आणि खाली पडता पडता त्या नाण्यांची फुलं होताहेत. विश्वासघातक्यालाही क्षमा असते, असं सांगणारी ही खिडकी. चर्चनं ती नाकारली. देवळात जुडास कसा चालेल? व्हिसलर २००० साली गेले. खिडकी बसली २०१४ साली, तीही अशा जागी की ती फक्त बाहेरून दिसते. नाण्याचं फूल होतं, ते रंगाविना, नुसत्या खरवडलेल्या काचेत! मला यापेक्षा मोठं कोरीवकाम ठाऊक नाही.

आता तुमच्यासाठी. साधी सपाट काच घ्या, कडा घासून घ्या. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली काच घेऊ नका, खोल कोरताना तिचा एकदम चुरा होतो. काचेखाली काळं कापड, दिवा बाजूनं. चित्र कागदावर काढून काचेच्या मागे चिकटवा. सुरुवात ठिपक्यांनी करा: दाट ठिपके म्हणजे जास्त उजेड, विरळ म्हणजे कमी. खोडता येत नाही, म्हणून हलक्या हातानं सुरू करून हळूहळू उजळत न्या. टोक फिरवून कोरणारं यंत्र वापरत असाल तर काच ओली ठेवा, मास्क आणि चष्मा लावा. काचेची धूळ फुप्फुसांत जाता कामा नये. यंत्र विजेवरचं असेल तर पाणी त्याच्यापासून लांब. एचिंग क्रीममध्ये, म्हणजे काच खरखरीत करणाऱ्या रासायनिक मलमात, फ्लोराइड असतं, तेव्हा हातमोजे हवेत, खोली हवेशीर हवी आणि मुलं लांब हवीत.

पहिल्यांदा कोरायला एखादं पान घ्या. शिरा सोडा, शिरांमधला उजेड कोरा.