पार्वती खोऱ्यातले ऊन पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यात, पार्वती नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,950 मीटर उंचीवर खीरगंगा नावाचे एक हिरवे कुरण आहे आणि त्या कुरणाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पोटातून गरम पाण्याचा झरा बाहेर पडतो. राज्य सरकारने 2010 साली या खोऱ्याच्या वरच्या भागातील सुमारे 710 चौरस किलोमीटर प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित केला, तेव्हा त्या विस्तीर्ण प्रदेशाला नाव मिळाले ते याच लहानशा झऱ्याचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत कसोलच्या परिसरात पदभ्रमणासाठी जाणाऱ्यांत महाराष्ट्रातील मुले-मुली पुष्कळ असतात आणि त्यांतील अनेकांची पावले खीरगंगेकडे वळतात. आजचे हे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. झरा लहान आहे, त्याचे पाणी बेताचेच आहे, आणि तेथे जाणाऱ्याने आपले वागणे त्या पाण्याच्या मापाने ठेवले पाहिजे, एवढेच मला मनापासून सांगायचे आहे.

हे पाणी गरम कशामुळे होते, हा प्रश्न तेथे पोहोचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येतो. पार्वती खोऱ्यात ज्वालामुखी नाही. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस आणि वितळलेले बर्फ खडकांच्या भेगांतून खोल खोल झिरपत जाते. भूपृष्ठापासून जसजसे खाली जावे तसतसे खडकांचे तापमान वाढते, आणि हिमालयासारख्या अजूनही घडत असलेल्या पर्वतात ही वाढ नेहमीच्या मानाने अधिक वेगाने होते. तापलेले पाणी वाटेत खडकांतील क्षार विरघळवून घेते आणि एखादी मोठी भेग सापडली की वर चढून पृष्ठभागावर येते. महाराष्ट्रातील श्रोत्यांना हे परके वाटण्याचे कारण नाही. वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, संगमेश्वराकडचे तुरळ आणि राजवाडी येथील कुंडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी याच क्रियेचे दर्शन घेतलेले आहे. आपला काळा कातळ लाव्ह्याचा आहे खरा, पण तो लाव्हा निवून साडेसहा कोटी वर्षे होत आली. आजच्या कुंडांतली ऊब त्याची नाही, ती तिकडच्याप्रमाणेच खोल जाऊन परतलेल्या पाण्याची आहे.

खीरगंगेला जाणारा प्रवासी आधी मणिकरणला थांबतो, आणि त्याने थांबावेच. तेथे नदीच्या काठालगत पाणी जवळजवळ उकळत्या अवस्थेत वर येते. शिवमंदिर आणि गुरुद्वारा शेजारी शेजारी आहेत. कुंडात ठेवलेल्या मोठ्या भांड्यांत लंगरचा भात आणि डाळ शिजते आणि यात्रेकरू तांदळाची पुरचुंडी दोरीने पाण्यात सोडून प्रसाद करून घेतात. पार्वतीच्या कानातला मणी येथे पाण्यात हरवला आणि शंकराच्या कोपामुळे शेषनागाच्या फूत्काराबरोबर उकळत्या पाण्यातून तो वर आला, अशी कथा सांगतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने येथे विंधनविहिरी खोदून भूगर्भातील उष्णतेचा अभ्यास केला आणि पुढे याच उष्णतेवर चालणारे एक लहान प्रायोगिक शीतगृहही उभारले गेले. जमिनीतल्या उष्णतेने फळे थंड ठेवण्याचा तो प्रयोग आज फारसा कोणाच्या लक्षात नाही, याचे मला वाईट वाटते. इतका कल्पक उपक्रम शाळेतल्या मुलांपर्यंत पोहोचायला हवा होता.

मणिकरणच्या पुढे बरशैणीपर्यंत मोटार जाते. तेथे पुलगा गावाजवळ नदीवर बांधलेले धरण दिसते. त्याचे पाणी तीस किलोमीटरहून लांब बोगद्याने सैंज खोऱ्यातल्या वीजगृहाकडे नेले आहे. येथून पायवाट सुरू होते. एक वाट नकथान गावातून आणि रुद्रनागच्या धबधब्यावरून जाते, दुसरी कालगा गावाकडून दाट अरण्यातून. नवख्या माणसाने नकथानची वाट धरावी, कारण तिच्यावर वस्ती आहे आणि माणसांची ये-जा आहे. कालग्याच्या अरण्यात फाटे फुटतात आणि धुके उतरले की दिशा कळत नाही. म्हणून तेथे वाटाड्या सोबत असल्याशिवाय जाऊ नये. चढ पाच-सहा तासांचा आहे, तो सकाळी लवकर सुरू करावा. देवदाराच्या सावलीतून चालताना घाई करण्यासारखे खरोखर काहीच नसते. रुद्रनागचे स्थान स्थानिक लोक पवित्र मानतात. तेथे आवाज, कचरा आणि छायाचित्रांचा सोस आवरावा.

वर पोहोचल्यावर चालून दमलेल्या शरीराला त्या पाण्याची ओढ लागणे साहजिक आहे. तरी अर्धा तास बसावे, पाणी प्यावे, श्वास हळूहळू पूर्ववत होऊ द्यावा. विरळ हवेत चढून आल्यावर एकदम गरम पाण्यात शिरले तर रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर यावे, अंग कोरडे करून लोकरीचे कपडे घालावेत, कारण बाहेरचा वारा सूर्य मावळताच बोचरा होतो. हृदयविकार किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. मद्य घेऊन कुंडात उतरणे तर जिवावर बेतू शकते.

पुरुषांसाठी उघडे कुंड आहे आणि स्त्रियांसाठी भिंतींच्या आडोशाचे वेगळे. हे ठिकाण स्थानिकांच्या लेखी तीर्थ आहे, शिवपुत्र कार्तिकेयाने येथे तप केले अशी त्यांची श्रद्धा आहे, म्हणून पादत्राणे दूर काढावीत आणि कुंडाबाहेर पडणाऱ्या धारेखाली अंग धुऊन मगच आत जावे. साबण आणि शांपू मुळीच नकोत. कुंडातले पाणी बाहेर पडून उतारावरून पार्वतीला मिळते. आपण आत सोडलेला फेस थोड्या वेळात नदीत असतो, आणि खाली त्याच नदीच्या काठी गावे आहेत. एकाच वेळी शंभर माणसे उतरली तर झरा त्यांना पुरेसे ताजे पाणी देऊ शकत नाही. गर्दी असेल तर वाट पाहावी, आपली पाळी आली की थोडक्यात आटोपावे.

एके काळी या कुरणावर तंबू आणि ढाबे इतके वाढले होते की गवत दिसेनासे झाले. 2018 साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वनविभागाने तेथील अनधिकृत बांधकामे हटवली. त्यामुळे काही कुटुंबांची हंगामी कमाई बुडाली, हेही खरे आहे, आणि त्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. माझे मत मात्र स्पष्ट आहे: मुक्काम खालच्या गावांत करावा. कालगा, पुलगा, तोष आणि नकथान येथील घरांत राहिल्याने पैसा गावकऱ्यांच्याच हाती जातो आणि कुरणाला श्वास घेता येतो. मुक्कामाचे नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी.

मे-जून आणि पावसाळा सरल्यानंतरचे सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, ओढे फुगतात. त्या दिवसांत हा बेत आखूच नये. हिवाळ्यात वाट बर्फाखाली जाते. खीरगंगेच्या पलीकडे मानतलाई सरोवराकडे आणि पिन-पार्वती खिंडीकडे जाणारी वाट निराळ्या तयारीची आहे. तिच्यासाठी परवाना, अनुभवी वाटाडे आणि पुरेसे दिवस हाताशी असल्याखेरीज कुंडावरून पुढे पाऊल टाकू नये.