दुसरी फेरी धरू नका

श्रोतेहो, नमस्कार.

गोव्यात वास्कोला मी सव्वीस वर्षं मोटरसायकल पायलट म्हणून भाडं मारलं. पिवळ्या मडगार्डची गाडी, मागे एक माणूस, आणि स्टँडवर हाक आली की निघायचं. या धंद्यात एक हिशेब अंगात भिनतो: मागची सीट एकच असते. दोन माणसं आली तर दोन पायलट निघतात. रोजचा हा हिशेब, पण स्वतःच्या घरावर वेळ आली तेव्हा मी तो विसरलो. आज त्याबद्दल बोलायचं आहे. शहर सोडून तातडीने बाहेर पडावं लागलं, आणि घरात वाहन म्हणून एक मोटरसायकल किंवा स्कूटर एवढंच असलं, तर काय करायचं?

१९ जानेवारी २०१८ची पहाट. अमोनिया घेऊन जाणारा एक टँकर चिखलीला हमरस्त्यावर उलटला आणि वायू पसरू लागला. आमचं घर तिथून फार लांब नव्हतं. मला जाग आली ती आईच्या खोकल्याने. मग डोळे चुरचुरायला लागले, घसा आतून सोलल्यासारखा झाला. बाहेर शेजारी एकमेकांची दारं ठोकत होते. घरात आम्ही चौघं: सत्तरी ओलांडलेली आई, बायको, दहावीतली मुलगी आणि मी. मी गाडी काढली, आईला मागे बसवलं. तिचा पाय वर उचलेना, तेव्हा मुलीने तो दोन्ही हातांनी धरून फूटरेस्टवर ठेवला. बायकोला म्हटलं, "आईला बहिणीकडे सोडतो आणि दहा मिनिटांत आलोच. तुम्ही इथेच थांबा."

आईला सोडलं. परत फिरलो तर रस्ता बंद. पोलीस कोणालाच आत सोडत नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं. मी तिथे उभा राहून फोन लावत राहिलो. घंटी वाजायची, कोणी उचलायचं नाही. दोन तासांनी कळलं की दोघी ओढण्या भिजवून, नाकाला लावून शेजाऱ्यांबरोबर मागच्या वाटेने चालत निघाल्या होत्या आणि पुढे कोणीतरी त्यांना आपल्या टेंपोत घेतलं होतं. दोघी सुखरूप होत्या. पण बायकोने नंतर सांगितलं ते मला आजही टोचतं. शेजारी निघाले तेव्हाच त्यांना चल म्हणाले होते. ती म्हणाली, हे येतायत. आणि माझी वाट बघत त्या दोघी त्या वासात वीस मिनिटं बसून राहिल्या. मी "आलोच" म्हटलं नसतं तर त्या आधीच निघाल्या असत्या.

म्हणून सांगतो, दुसरी फेरी धरू नका. घरात चार माणसं आणि एक गाडी असली की प्रत्येक जण मनात हाच हिशेब करतो, दोन फेऱ्या मारू. ती दुसरी फेरी होईलच असं नसतं. रस्ता बंद होतो. सगळं गाव बाहेर येत असतं आणि तुम्ही एकटे त्या लोंढ्याविरुद्ध आत जायला बघता. मोटरसायकल एकदाच निघते, दोघांना घेऊन निघते, आणि परत येत नाही, असं समजून बेत करा. उरलेल्या माणसांची वाट वेगळी ठरवा. कोणाच्या गाडीत, कोणाबरोबर, पायी निघायचं झालं तर कुठल्या वाटेने आणि कुठे भेटायचं, हे प्रत्येकाचं नाव घेऊन ठरवा. शेजाऱ्याच्या व्हॅनमध्ये एक जागा हवी असेल तर ती आज मागा. पहाटे तीन वाजता दार ठोकून मागू नका.

मागे कोण बसणार, हे ठरवणं मनाला जड जातं. आमच्या घरी चार दिवस हाच विषय होता. आई म्हणायची, नातीला ने, माझं काय राहिलंय. माझं मत एका पायलटचं आहे, ते मोकळेपणाने सांगतो. मागे बसणाऱ्याला तासभर घट्ट धरून बसता आलं पाहिजे आणि वळणावर गाडीबरोबर कलता आलं पाहिजे. ज्याला ग्लानी येते, ज्याचा तोल जातो, त्याला प्रेमापोटी मोटरसायकलवर घालू नका. त्याची जागा चारचाकीत. लहान मुलांबद्दल तर २०२३ पासून नियमच आहे. चार वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, डोक्याला हेल्मेट हवं, आणि गाडी ताशी ४०च्या वर न्यायची नाही. पोर मध्ये चेपून तिघं-चौघं बसलेली गाडी रोज दिसते. रोज खपतं म्हणून घाबरलेल्या गर्दीत, अंधारात खपेल असं नाही.

वायूचं थोडं सांगायलाच हवं, कारण वास्कोत तेलाच्या टाक्या आहेत, बंदर आहे, आणि टँकर रोज आमच्या दारावरून जातात. वास आला की आधी वारा बघा. माडाची झावळं कुठे झुकतायत ते बघितलं तरी कळतं. वाऱ्याबरोबर पळालात तर वायू तुमच्या मागोमाग येतो. आधी वाऱ्याला आडवे निघा, त्या पट्ट्यातून बाहेर पडा, मग वारा जिकडून येतो त्या बाजूला लांब जा. समोर पांढरं धुकं दिसलं तर त्यात गाडी घालू नका. आणि वास स्वयंपाकाच्या गॅसचा किंवा पेट्रोलचा असेल तर चावी फिरवूच नका. एक ठिणगी पुरते. गाडी हाताने ढकलत न्या, नाहीतर सोडून चालते व्हा.

आता मुंबईचं. गोव्यातल्या किती घरांतली पोरं तिकडे आहेत! माझा भाचा घाटकोपरला असतो, तो आणि त्याची बायको, दीडशे सीसीची मोटरसायकल. चिखलीची गोष्ट ऐकून तो म्हणाला, "मामा, माझा बेत पक्का आहे. काही झालं तर मोबाइलवर रस्ता लावला आणि निघालो." म्हटलं, लाव बघू आत्ता. त्याने माझ्यासमोर लावला. मोबाइल मोटारगाडीचा रस्ता दाखवत होता: अटल सेतू, मग पुण्याचा एक्सप्रेसवे. दोन्हींवर दुचाकीला मनाई! वांद्रे-वरळी सागरी सेतूवर नाही, ईस्टर्न फ्रीवेवर नाही, कोस्टल रोडवर नाही. मुंबईतले वेगाने नेणारे नवे रस्ते जवळजवळ सगळेच मोटरसायकलला बंद आहेत. मग त्याच्याकडे उरतं काय? वाशीचा खाडीपूल, ऐरोलीचा पूल, नाहीतर ठाण्यावरून मुंब्रा, शिळफाटा. पुण्याकडे जायचं तर खोपोली-खंडाळ्याचा जुना रस्ता. मी त्याला एवढंच सांगितलं, तीन रविवार काढ आणि तिन्ही वाटांनी एकेकदा गाडी नेऊन ये. कुठे पाणी साचतं, कुठे खड्डा आहे, कुठला पंप रात्री उघडा असतो, हे हाताखालून गेलं की विसरत नाही.

आपल्याकडेही तेच आहे. पणजीच्या अटल सेतूवर दुचाकी चालत नाही, मांडवी ओलांडायची ती जुन्या पुलांवरून. आणि एकाच पुलावर भरवसा ठेवलेला बेत म्हणजे बेतच नाही. माझ्या पिढीला ५ जुलै १९८६ आठवतो. मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि एका दिवसात पणजी आणि पलीकडचा बार्देस तालुका एकमेकांपासून तुटले, फेरीबोटीवर आले. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. मुंबई-गोवा रस्त्यावरचा पूल, दोन एसट्या गेल्या. अंधार, पाऊस, आणि पुढे पूल नाही हे चालवणाऱ्याला कसं कळणार? भाच्याला म्हटलं, पावसात रात्री मुंबईहून थेट गोव्याला निघायचं डोक्यातून काढून टाक. साडेपाचशे-सहाशे किलोमीटरचा पल्ला आहे. जीव वाचवायला साठ-सत्तर किलोमीटर पुरतात. पेणला त्याच्या बायकोची मावशी आहे. तिला फोन करून विचार, रात्री-बेरात्री आलो तर चालेल का? तिने काय म्हणावं? "विचारायचं काय त्यात, किल्ली तुळशीमागे असते."

पाण्याचं मात्र वेगळं आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी घरी पोचायचं म्हणून गाड्या घेऊन निघालेली माणसं रस्त्यात अडकली. जी ऑफिसच्या वरच्या मजल्यावर थांबली ती सकाळी घरी गेली. पाणी चढायच्या आत निघायचं, नाहीतर निघायचंच नाही, वर जायचं. मोटरसायकल दोन चाकांवर उभी असते, तिला वाहत्या पाण्यात जोर नाही. २३ जुलै २०२१ला सत्तरी तालुक्यात म्हादई नदी गावांत शिरली, पैकूळचा पूल गेला. अशा वेळी शहाण्याने गाडी उंचावर लावून डोंगराची वाट पायी धरावी. साचलेलं पाणी चाकाच्या आसाला लागलं की मी गाडी थांबवतो. खाली उघडं गटार आहे की नाही ते दिसत नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर बटण दाबत राहू नका. आत पाणी गेलं असेल तर इंजीन जागच्या जागी मोडतं. ढकलत कोरड्यावर आणा, प्लग काढा, किक मारून पाणी बाहेर फेकू द्या, मग बघा. स्कूटरवाल्यांनी जास्त जपावं. चाकं लहान, आणि बेल्ट भिजला की गाडी नुसती गुरगुरते, पुढे जात नाही.

वादळात मोटरसायकल कामाला येते. १६ मे २०२१ला तौक्ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा झाडं आणि विजेचे खांब आडवे झाले, चारचाकी जागच्या जागी अडकल्या. आम्ही पायलट आडव्या फांद्यांखालून गाड्या काढत होतो. फक्त तार खाली पडलेली दिसली की मागे फिरायचं, मग ती मेलेली वाटो की जिवंत.

त्या दिवसांत आणखी एक शिकलो. वीज गेली की पंपावरचं यंत्र बंद, मोबाइलचे पैसेही बंद. म्हणून पाऊस-वादळाच्या महिन्यांत माझा काटा अर्ध्याच्या खाली जात नाही. स्कूटरची टाकी पाचेक लिटरची, लिटरला चाळीस धरले तर अर्ध्या टाकीत शंभर किलोमीटर. तेवढे पुरतात. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत भरून पिशवीत ठेवू नका. जवळ सुटे पैसे ठेवा, शंभराच्या नोटा.

पिशवी एकच, पाठीला किंवा टाकीवर, सात-आठ किलोंची. हँडलला काहीही लटकवायचं नाही, ते वळणावर चाकाशी भांडतं. आमच्या पिशवीत आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आठवड्याच्या, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, टॉर्च, पंक्चरच्या पट्ट्या आणि हातपंप, प्लगचा पाना. क्लचची जादा केबल मात्र पिशवीत नाही. ती मी चालू केबलच्या शेजारीच आधीपासून टाकून, टेप लावून ठेवली आहे. तुटली तर दोन्ही टोकं अडकवायची की झालं, पाच मिनिटांचं काम. आणि देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. तो आईच्या हट्टासाठी. वजन काहीच नाही, आणि तो बरोबर आहे म्हटल्यावर आई उंबऱ्यावर अडत नाही. पाच मिनिटं वाचतात.

आमचा बेत असा ठरला आहे. बायको पंचेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकली. जुनी एक घेतली आम्ही. तिच्या मागे मुलगी, माझ्या मागे आई. चार माणसं, दोन गाड्या, कोणी कोणासाठी परत यायचं नाही. कोणी चुकलं तर भेटायचं फोंड्याच्या बसस्टँडवर. फोन लागला नाही तरी तिथेच. वर्षातून दोनदा आम्ही असेच निघतो, मंगेशीला दर्शन घेतो आणि परत येतो. आई तासभर धरून बसते की नाही, हे मला त्या फेरीत कळतं. ज्या वर्षी तिचा हात सैल वाटेल त्या वर्षीपासून ती शेजाऱ्यांच्या व्हॅनमध्ये. त्यांना विचारून ठेवलं आहे, ते हो म्हणाले आहेत, आणि आईलाही हे माहीत आहे.

तिचा पाय अजूनही उचलत नाही. म्हणून गाडी लावतो तिथे भिंतीला लागून फणसाच्या लाकडाचं एक बुटकं स्टूल ठेवलं आहे. पहिल्या महिन्यात कोणी ना कोणी ते आत न्यायचं, बसायला, दिवा बदलायला. आता मुलीने त्यावर खडूने "आजी" असं लिहिलं आहे. पावसाने पुसलं की ती परत लिहिते.

नमस्कार.